फूटपट्टी आणि हिरवी जर्सी

"यात गडद हिरवा लिहिलंय," बाबा पेपरावर बोट ठेवून म्हणाले. "म्हणजे केवढा गडद? काळ्याच्या जवळचा की पांढऱ्याच्या?"

मंगळवारची सकाळ होती. पहिल्या पानावर रग्बी महासंघाचे अध्यक्ष राष्ट्रीय संघाची नवी जर्सी छातीशी धरून उभे होते. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे त्यावरून कुणालाच काही कळलं नसतं.

मी खालचा मजकूर वाचला. "काळ्याच्या जवळचा असणार."

"आणि शेजारी देशाचा लाल?"

"तोही काळ्याच्याच जवळचा."

भांडी विसळता विसळता आईचे हात थांबले. "पट्टे अगदी पूर्ण काढले?"

"पूर्ण. चड्डी आणि मोजेसुद्धा हिरवे."

बाबांनी पेपराची नीट घडी घातली, खिशात टाकली आणि चहा अर्धा सोडून कामावर गेले.

बाबांना लाल आणि हिरवा वेगळे दिसायचे नाहीत. दोन्ही ओल्या मातीसारखे. निळा, पिवळा, पांढरा मात्र लख्ख. जन्मापासूनच तसं असल्याने त्यांचं काही अडत नसे. सिग्नलला वरचा दिवा की खालचा ते बघायचं, टोमॅटो दाबून घ्यायचे, मोज्यांच्या जोड्या आईने बांधून ठेवायच्या. एकदा घरात पडून असलेला डबा संपवायचा म्हणून त्यांनी तपकिरी समजून पुढच्या दाराला हिरवागार रंग दिला. आईने गल्लीत "मला हाच हवा होता" असं ठोकून दिलं, आणि पुढे अकरा वर्षं तिला तो रंग आवडतो असं दाखवावं लागलं. आम्हा तिघांपलीकडे ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. कारण दर शनिवारी बाबा हातात झेंडी घेऊन रग्बीच्या मैदानाच्या कडेने धावायचे.

पोटापाण्यासाठी ते पाणीखात्यात मीटर वाचत. दिवसाला दीडशे घरं, दीडशे आकडे, वर्षानुवर्षं एकही चूक नाही. मैदानावर त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. रेषेवरून ते इतके सरळ धावायचे, की त्यांच्या बुटांच्या खुणांवरून रेषा पुन्हा आखता आली असती. तरुणपणी ते क्लबकडून खेळले होते. गुडघा गेला, खेळ सुटला, पण मैदान सुटेना, म्हणून रेषापंच झाले. रग्बीत पंधरा जण लांबट चेंडू घेऊन समोरच्या पंधरांच्या अंगावर जातात. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की रेषापंच झेंडी वर करतो आणि दुसऱ्या हाताने दाखवतो, की आता तो आत फेकायचा हक्क कुणाचा. शेवटचा हात ज्यांचा लागला, त्यांच्या विरुद्ध संघाचा. ऐकायला सोपं आहे. पण त्यासाठी शेवटचा हात कुणाचा हे कळावं लागतं.

महासंघाचे डॉक्टर दर वर्षी रेषापंचांचे डोळे तपासत. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची, सही घ्यायची. रंगांचं त्यांनी कधी विचारलं नाही आणि बाबांनी कधी सांगितलं नाही. हे खोटं बोलणं होतं की नाही, यावर आईचं आणि त्यांचं एकमत कधीच झालं नाही.

इतकी वर्षं सगळं निभावलं ते जर्सीमुळे. अगदी सुरुवातीला राष्ट्रीय संघ पांढऱ्या सदऱ्यांत खेळायचा, शाळेच्या कवायतीचे असत तशा. एका सामन्यात पाहुणेही पांढऱ्यातच आले. आयत्या वेळी आमच्या खेळाडूंनी दंडांना काळ्या फिती बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाहून लोकांनी महासंघाला पत्रं लिहिली, की कोण वारलं. मग निळे-पांढरे आडवे पट्टे आले. ते बत्तीस वर्षं टिकले. बाबा त्या पट्ट्यांवर खेळ शिकले आणि त्या पट्ट्यांवरच पंचगिरी करू लागले. क्लबांच्या सामन्यांतही बहुतेक जर्स्या निळ्या, पिवळ्या, पट्टेरी. हिरव्या जर्सीचा एकच क्लब होता, आणि त्याच्या सामन्याच्या शनिवारी बाबांना हटकून सर्दी व्हायची.

नव्या अध्यक्षांना पट्टे म्हणजे तुरुंगातल्या कैद्यांचे कपडे वाटत. झेंड्यातला हिरवा त्यांनी स्वतः निवडला होता.

बातमीनंतर आठवड्याभरातच पत्र आलं. शेजारी देशाशी होणाऱ्या सामन्यासाठी रेषापंच म्हणून बाबांची नेमणूक झाली होती. त्या काळी मुख्य पंच तिसऱ्या देशाचा आणि रेषापंच यजमानांचे असत. दुसरे रेषापंच होते मास्तर, बाबांचे जुने मित्र, शाळेत भूमिती शिकवायचे. सामन्याला तीन आठवडे होते. बाबा सेहेचाळीस वर्षांचे होते, पन्नाशीला रेषापंचाला निवृत्त करत, आणि पाणीखात्यातल्या माणसाला आंतरराष्ट्रीय सामना त्याआधी कधी मिळाला नव्हता.

"सर्दी झाली म्हणून कळवा," आई म्हणाली.

"या वेळी नाही."

"मग खरं सांगून टाका."

"एक सामना, अगं. एकच. एवढा पार पडू दे, मग सोडतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. बाजारातून त्यांनी नवी हिरवी जर्सी आणली होती, आणि मास्तरांच्या पुतण्याकडून शेजाऱ्यांची गडद लाल. मी त्या दोरीवर वाळत घालायच्या, जागा उलटसुलट करायच्या, आणि बाबांनी पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून डावी कुठली ते सांगायचं. उन्हात दहापैकी सात बरोबर आले. ढग आला तेव्हा पाच.

"पाच म्हणजे नाणं उडवल्यासारखं झालं, बाबा."

"कळतंय मला."

लाल जर्सीला पांढरी कॉलर होती आणि त्यांची चड्डीही पांढरी, एवढाच काय तो आधार. त्यावर भागणार नाही हे ओळखून त्यांनी वेगळा मार्ग धरला. पाणीखात्यात कुठल्या घराचं मीटर कुठे, हे त्यांना पाठ असायचं. तसेच त्यांनी दोन्ही संघांचे तीस खेळाडू पाठ करायला घेतले. मास्तरांकडून जुन्या सामन्यांचे फोटो आणले, आमच्या संघाच्या सरावाला रोज संध्याकाळी जाऊन बसले. कोण फेंगडा चालतो, कोणाच्या गुडघ्याला पट्टी, कोणाचा कान चिरलेला. जेवताना मी नाव घ्यायचं आणि त्यांनी खूण सांगायची. आई ताटं आपटत वाढायची.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "पास मिळालाय ना, मी तुमच्याच बाजूला पहिल्या रांगेत बसते. अडलात तर माझ्याकडे बघा. आपला असेल तर मी हात गालावर ठेवेन, त्यांचा असेल तर मांडीवर."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मला वाटलं आता बोलणी बसणार. पण आवाज चढला नाही. "तू रेषेच्या बाहेरची आहेस. तुझ्याकडे बघून मी झेंडी उचलली, तर मग मी तिथे उभा कशाला?"

त्या रात्रभर पाऊस पडला.

मैदानाचा चिखल झाला होता. बाबा कोरा करकरीत पोशाख घालून बोगद्यातून बाहेर आले. आभाळ गच्च भरलेलं. पहिल्या दहा मिनिटांतच पांढऱ्या कॉलरी कॉलरी राहिल्या नाहीत, चड्ड्या चड्ड्यांसारख्या दिसेनात, पाठीवरचे आकडेही पुसले गेले. मला अजून हिरवा आणि लाल वेगळे कळत होते. त्यांना काय दिसत असेल, या विचाराने माझं खेळाकडे लक्षच नव्हतं.

तरी पूर्वार्ध त्यांनी काढला. चेंडू सात वेळा त्यांच्या बाजूने बाहेर गेला आणि सातही वेळा त्यांचा हात बरोबर बाजूला गेला. मध्यांतरात ते रेषेवरच उभे होते, पाणीही प्याले नाहीत. मास्तरांनी पलीकडून हात हलवला, तो त्यांना दिसलाही नसावा.

सामना संपायला सहा मिनिटं होती आणि आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. पाहुणे आमच्या गोलरेषेपासून जेमतेम दहा पावलांवर येऊन धडका देत होते. चेंडू घोळक्यातून निसटून माझ्या समोरच रेषेकडे घरंगळत आला. दोघांनी एकदमच त्यावर उडी टाकली. एक हात चेंडूला लागला, चेंडू रेषेबाहेर गेला आणि ते दोघं एकमेकांच्या अंगावर पालथे पडले, चेहरे चिखलात.

बाबा तीन पावलांवर होते. झेंडी वर गेली. दुसरा हात गेला नाही.

मी पाहिलं होतं. हात आमच्याच माणसाचा लागला होता. चेंडू पाहुण्यांचा होता.

मी हे कुणाला फारसं सांगितलेलं नाही, पण सांगायला हवं. त्या क्षणी मला वाटलं, आता बाबा मागे वळून माझ्याकडे बघणार, आणि माझा हात मांडीवर जायला हवा होता तो उचलला गेला होता. गालापर्यंत पोचला होता की नाही, मला आठवत नाही. माझ्या मागे वीस हजार माणसं आमच्या संघाच्या नावाने ओरडत होती. बाबांनी बघितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्यांनी बघितलं नाही. मान जराशी वळली, थांबली, पुन्हा समोर गेली. ते दोघं अजून उठले नव्हते. मुख्य पंच शिट्टी तोंडात धरून वाट बघत होते. मग बाबांनी त्यांना हाताने जवळ बोलावलं.

काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं.

"कुणाचा हात लागला ते मला समजलं नाही," बाबा म्हणाले.

"तुम्ही तीन पावलांवर होतात."

"हो. तरी समजलं नाही."

पंचांनी पलीकडे मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या बाजूने तर नुसता घोळका दिसत होता. रग्बीच्या नियमांत अशा वेळेची सोय आहे. शंका असेल तर चेंडू चढाई करणाऱ्यांना द्यायचा. पंचांनी हात पाहुण्यांकडे केला. त्यांनी चेंडू आत फेकला, उंच उडीत झेलला, आणि सगळा घोळका ढकलत ढकलत आमच्या गोलरेषेपार गेला. चार गुण. सामना आम्ही एका गुणाने हरलो.

मैदान सोडताना बाबांवर बाटल्या आल्या. पोलिसांनी त्यांना मागच्या दाराने काढलं. आम्ही घरी पोचलो तोवर आईने रेडिओवर सगळं ऐकलं होतं. तिने बादलीत गरम पाणी काढलं. पाय धुताना बाबांनीच मला विचारलं.

"तू समोर होतीस. कुणाचा होता हात?"

"आपल्यांचा."

"म्हणजे चेंडू त्यांचाच."

"हो."

त्यांनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. आईच्या जिवात जीव आला. "मग चुकलंच कुठे? जाऊन सांगा, पोरीने डोळ्यांनी पाहिलंय."

"रेषापंच मी होतो. ती नव्हती."

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: "तीन पावलांवरून दिसलं नाही!" कॅमेरा पलीकडच्या बाजूला असल्याने चित्रणात काही दिसत नव्हतं, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो बोलत होता. फूटपट्टी शेजाऱ्यांना विकला गेला, असंही छापून आलं. मीटर वाचायला गेले तर लोक दार उघडेनात. एका घरी तर मीटरच्या काचेवर मुद्दाम चिखल थापून ठेवला होता. मालक आत उभं राहून म्हणाला, "वाचा की आता." बाबांनी रुमालाने काच पुसली, आकडा लिहिला आणि पुढच्या घराकडे गेले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. त्यांच्याबरोबरच्या माणसाने आईला सांगितलं.

महासंघाने शुक्रवारी चौकशीला बोलावलं. आदल्या संध्याकाळी मास्तर आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला.

"हे बघ, काल मी चिटणिसांशी बोललोय. डोळ्यात चिखल उडाला होता, एवढंच सांग. अर्ध्या मिनिटात प्रकरण मिटतं. मीही दुजोरा देतो."

"तू पाहिलंस उडालेला?"

"तेवढ्या लांबून काय दिसणार मला? पण उडाला असेलही."

बाबा हसले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. पण हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मास्तर गेल्यावर आईने एकदाच विचारलं, "काय सांगणार आहात?" ते म्हणाले, "बघू." त्यामुळे शुक्रवारी त्यांच्यासोबत महासंघाच्या कचेरीत जाताना आत काय होणार, ते मला माहीत नव्हतं.

मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दाराला वर काच होती. मी उठून उभी राहिले की सगळं दिसायचं, आणि दार नीट लागत नसल्याने ऐकूही यायचं. लांब टेबल, ट्यूबलाइट, पाच-सहा माणसं. मधोमध अध्यक्ष.

"डोळ्यात काही गेलं होतं का?" चिटणिसांनी विचारलं. प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं. मास्तरांनी खाली पाहिलं.

बाबांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही साहेब. डोळे स्वच्छ होते. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. लहानपणापासून."

चिटणिसांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"ही सबब आहे," अध्यक्ष म्हणाले. "इतकी वर्षं काम केलंत आणि आज रंग दिसेनासे झाले?"

"पट्टे होते तोवर दिसत होतं."

ते बहुधा अध्यक्षांना झोंबलं. त्यांनी शिपायाला कपाटातून दोन जर्स्या आणायला सांगितलं आणि टेबलावर टाकल्या, कॉलरी आत दुमडून. "सांगा. आपली कुठली?"

बाबांनी हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. पण ते हळू म्हणाले. इतकी वर्षं तक्त्यावरची अक्षरं त्यांनीच तर वाचून घेतली होती.

बाबा वाकले. ट्यूबच्या उजेडात आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. शेवटी त्यांनी डावीकडे बोट दाखवलं.

ती लाल होती.

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यावर नेलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "म्हणजे बावीस वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं, असं मी आज म्हणू शकतो," बाबा म्हणाले. "पण तेव्हा सांगितलं असतं की नाही, ते माहीत नाही. लपवलं, हे खरंच आहे."

त्यांचं नाव यादीतून काढलं. पत्र हातात घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता की दुःख नव्हतं. खूप लांबून चालत आलेल्या माणसासारखे दिसत होते. जिन्यात डॉक्टरांनी त्यांना गाठलं. "बारा पुरुषांत एकाला असतं हे," ते म्हणाले. "मलाच आधी विचारायला हवं होतं." बाबांनी नुसती मान हलवली.

पेपरांनी आठवडाभर टिंगल केली. रंगांधळा फूटपट्टी, फूटपट्टीवरचे आकडे तरी दिसतात का, वगैरे. विकला गेल्याची कुजबुज मात्र बंद झाली. पाणीखात्याचं तर म्हणणंच पडलं की मीटर काळ्या-पांढऱ्यातच असतात, आम्हाला काय त्याचं.

मग एका रविवारी सकाळी दारात एक धिप्पाड तरुण उभा राहिला. आमच्या राष्ट्रीय संघाचा डावा विंगर. कडेने पळणारा. मीच दार उघडलं.

"काका आहेत?"

आत येऊन तो खुर्चीत अवघडून बसला. आईने पाणी दिलं, ते एका घोटात संपवलं. बाबा समोर. बराच वेळ दोघं गुडघ्याच्या दुखापतींबद्दल बोलले. मग एकदम तो म्हणाला, "काका, मलापण दिसत नाही."

बाबांचा हात कपावरच थांबला.

"पट्टे होते तेव्हा काही वाटायचं नाही. या सामन्यात मी दोनदा चेंडू त्यांच्याच माणसाला देणार होतो. आवाजावरून खेळतो मी. आपला कोण ओरडतोय ते ऐकून पास देतो. वीस हजार माणसं ओरडत असली की तेही ऐकू येत नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"बायकोलाही नाही. संघातून काढतील."

"काढतील," बाबा म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही. "मला काढलंच. पण तुला काढणं त्यांना जड जाईल. तू पळतोस फार जोरात."

पोरगा खळखळून हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. दोन दिवसांनी तो प्रशिक्षकांशी बोलला. महिनाभर त्याच्याबद्दल काही ठरेना. दोन सराव सामन्यांतून त्याला वगळलं, आणि बाबा रोज सकाळी पेपरात संघाची यादी बघून पेपर मिटून ठेवायचे. या पोराचं नुकसान आपल्यामुळे होतंय, असं त्यांनी आईला बोलूनही दाखवलं. मग प्रशिक्षकांनी सगळ्या संघाची तपासणी करवली. त्याला धरून पंधरात दोघं निघाले, आणि त्याला पुन्हा संघात घेतलं.

पुढच्या मोसमात जर्सी बदलली. हिरवा राहिला, पण छातीवर आणि बाह्यांवर वीतभर रुंद पांढरा पट्टा आला, आणि चड्डी पांढरी झाली. महासंघाच्या पत्रकात लिहिलं होतं, की टीव्हीवर खेळाडू उठून दिसावेत म्हणून हा बदल करण्यात येत आहे. अध्यक्षांनी पुन्हा छातीशी धरून फोटो काढला. विंगरचं नाव कुठे नव्हतं, बाबांचं तर नव्हतंच. आई चिडली. मास्तर म्हणाले, महासंघाला पत्र लिहू. बाबांनी दोघांनाही गप्प केलं.

त्या जर्सीतला पहिला सामना पाहायला मी आणि बाबा गेलो. तिकिटं काढून, वरच्या रांगेत. मला धाकधूक होती, की लोक ओळखतील, काहीतरी बोलतील. एकाने ओळखलं, पण त्याने नुसतं सरकून जागा दिली. सुरुवातीला बाबा सवयीने रेषेकडेच बघत होते. हळूहळू मैदानाच्या मधोमध बघायला लागले. चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हातोहात जात होता आणि त्यांची मान त्याबरोबर फिरत होती.

विसाव्या मिनिटाला त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"तो सात नंबर बघ. चेंडू घट्ट धरून बसतो. किती उशिरा देतोय. डावीकडे पोरगा मोकळा उभा आहे, दिसत नाही का याला?"

सामना आम्ही जिंकलो, पण बाबांचं समाधान झालं नव्हतं. घर येईपर्यंत ते त्या सात नंबरच्याच नावाने खडे फोडत होते.